फोन कुणाचा, हे आधी विचारा

मी सोलापुरात मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. बारावी झाल्यावर एका उस्तादांच्या हाताखाली बसलो. आधी डिस्प्ले टाकायला शिकलो, मग चार्जिंग जॅक बदलायला आणि शेवटी 'सॉफ्टवेअर मारायला'. हा लेख त्या शेवटच्या कामाबद्दल आहे. वाचून माझ्याच लाइनमधले काही दोस्त चिडतील. चिडू देत. मी स्वतः जे केलं आहे, त्याबद्दलच बोलतोय.

२०१७ सालची गोष्ट. उस्ताद जेवायला घरी गेले होते आणि काउंटरवर मी एकटा होतो. बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा आला. हातात स्वस्तातला सेट, त्याला पॅटर्न लॉक. "घरचाच फोन आहे भाई, पॅटर्न विसरला. पण डेटा जायला नको." त्या काळातल्या स्वस्त सेटमधला डेटा बहुतेक वेळा एन्क्रिप्ट केलेला नसायचा. मी पीसीला बॉक्स जोडला, सेट बंद करून केबल लावली आणि टूलनं पॅटर्न वाचून स्क्रीनवर काढून दाखवला. पाच मिनिटांचं काम. दोनशे रुपये गल्ल्यात टाकले आणि विसरून गेलो.

आठवड्याभरानं एक मुलगी आईला घेऊन दुकानात आली. फोन तिचा होता. पोरगा तिचा भाऊ होता. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई तिचा हात धरून "चल, तमाशा नको" म्हणत होती. ती हलली नाही. मला एवढंच म्हणाली, "भाई, तुम मेरेकू पूछे थे क्या?"

मी म्हणालो, तुमच्या भावानंच आणला होता.

"फोन उसका था क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढं मोहल्ल्यातून कळलं की त्या वर्षी तिचं कॉलेज बंद झालं. फोनमध्ये काय सापडलं, काही सापडलं तरी का, मला माहीत नाही. ते विचारायचा मला हक्कही नाही. हक्क नसलेलं काम मी एकदा करून बसलो होतो, तेवढं पुरे.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हापासून आपण हा निकाल सरकारच्या तोंडावर मारत आलो आहोत आणि ते बरोबरच आहे. पण त्या मुलीचा हक्क सरकारनं मोडला नव्हता. तिचा भाऊ, दोनशे रुपये आणि मी, असं तिघांनी मिळून मोडला होता. माझं म्हणणं सरळ आहे: पोलिसांनी आपला फोन विचारल्याशिवाय उघडू नये असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या काउंटरवर दुसऱ्याचा फोन विचारल्याशिवाय उघडू नये.

ही टूल्स नेमकं काय करतात

बाहेरच्या लोकांना वाटतं की हे सगळं हॅकरचं काम आहे. तसं काही नाही. पीसीवर एक प्रोग्रॅम टाकायचा, फोन केबलनं जोडायचा, यादीतून मॉडेल निवडायचं आणि बटण दाबायचं. फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड चिपमध्येच कोरलेला असतो. कारखान्यात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर भरता यावं म्हणून बहुतेक चिपना एक खास मोड दिलेला असतो. बरीच टूल्स त्याच दारातून आत शिरतात. कधी त्या कोरलेल्या कोडमध्येच चूक निघते. २०१९ साली आयफोनच्या बाबतीत अशीच एक चूक बाहेर आली, चेकएम८ नावाची. आयफोन फोर-एसपासून आयफोन टेनपर्यंतची मॉडेलं तिच्यात सापडली. कोड चिपमध्ये कोरलेला असल्यामुळे कुठल्याही अपडेटनं ती बुजवता येत नाही.

कामं मुख्यतः तीन. पहिलं, स्क्रीन लॉक काढणं. दुसरं, अकाउंटचं लॉक काढणं. ॲपलनं २०१३ साली ॲक्टिव्हेशन लॉक आणलं आणि अँड्रॉइडमध्ये ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, एफआरपी आलं. फोन रीसेट मारला तरी जुन्या मालकाचं अकाउंट मागितलं जातं. हे लॉक मुळात चोरांसाठीच बनवलं गेलं, चोरलेला सेट विकता येऊ नये म्हणून. तिसरं काम म्हणजे आयएमईआय बदलणं. त्याच्याबद्दल पुढं बोलतो.

आता जाहिराती बघा. 'एका क्लिकमध्ये कुठलाही फोन उघडा, डेटा सेफ.' नव्या फोनच्या बाबतीत ही सरळ थाप आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या फोनला डेटा एन्क्रिप्ट करणं सक्तीचं आहे आणि आयफोनमध्ये तर ते त्याच्याही आधीपासून आहे. डेटाची किल्ली तुमच्या पिनमध्ये आणि फोनच्या चिपमध्ये मिळून असते. बाजारातलं टूल लॉक 'काढतं' म्हणजे बहुतेक वेळा सगळं पुसून फोन कोरा करतं. गिऱ्हाईक येतं वडिलांच्या शेवटच्या फोटोंसाठी आणि हातात कोरा सेट घेऊन जातं. टूल चालवणाऱ्या पोरालाही हे माहीत नसतं, कारण त्यानं जाहिरात वाचलेली असते आणि काम व्हिडिओ बघून शिकलेलं असतं.

आपल्याच पीसीत चोर

एक गोष्ट कुणी बोलत नाही. या टूल्सचे परवाने वर्षाच्या हिशेबानं विकत घ्यावे लागतात. छोटा दुकानदार ते घेत नाही. कुठल्यातरी चॅनलवरून क्रॅक उतरवतो. क्रॅक चालवायचं तर पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा. आम्ही निमूटपणे बंद करतो. ज्यानं ते क्रॅक फुकट वाटलं, त्यानं सवाब मिळावा म्हणून वाटलं असेल का?

आणि आपल्या मोहल्ल्यातलं मोबाइलचं दुकान फक्त मोबाइलचं नसतं. तिथंच झेरॉक्स असते, तिथंच स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात, पॅन कार्ड, रेशन, लाइट बिल, सगळं तिथंच होतं. निम्म्या मोहल्ल्याच्या आधार कार्डांच्या पीडीएफ त्या एकाच पीसीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. अँटिव्हायरस बंद, क्रॅक चालू, आणि शेजारी सगळ्यांची कागदपत्रं. उद्या कुणाच्या नावावर भलतं सिम निघालं किंवा कर्ज निघालं, तर आपण सरकारला शिव्या देऊ. आपल्या दुकानातल्या त्या पीसीकडे कुणी बघणार नाही.

"मला काय माहीत" हे चालत नाही

आमच्या लाइनमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं. "गिऱ्हाइकानं आणला, मी उघडला. चोरीचा होता हे मला काय माहीत?" पोरांनो, कायदा एवढ्यावर थांबत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल बेइमानीनं घेणं किंवा ठेवणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथं प्रश्न फक्त तुम्हाला माहीत होतं का एवढाच नसतो. तसं मानायला तुमच्याकडे कारण होतं का, हेही बघितलं जातं. वीस हजारांचा सेट, बिल नाही, खोका नाही, चार्जर नाही, आणि माणूस म्हणतो तीन हजारांत घ्या. हे कारण नव्हे तर काय? असा धंदा सवयीनं करणाऱ्याला त्याच कलमात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही आहे.

आयएमईआय बदलण्याचं तर नावच काढू नका. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पन्नास लाख म्हणजे दुकान, घर, अब्बांची पेन्शन, सगळं. आणि मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या फोनमध्ये शिरणं हे आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. 'तो कायदा कॉम्प्युटरसाठी आहे' असं कुणी म्हणेल. २००५ सालीच आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं, हँडसेटच्या आतला नंबर बदलण्याच्याच एका खटल्यात, मोबाइल हा त्या कायद्याच्या भाषेत कॉम्प्युटरच आहे असं म्हटलं आहे.

ज्यानं फोन चोरला तो कॅमेऱ्यात दिसला नाही तर सुटतो. दुकान मात्र जागेवरच असतं. पीसी जागेवर असतो, पीसीतल्या टूलची नोंदही जागेवर असते. पोलिस सगळ्यात आधी तिथंच येतात. एका पोराला उचललं की बोट अख्ख्या मोहल्ल्याकडे जातं. हे बरोबर नाही, पण घडतं असंच. तीनशे रुपयांसाठी ही जोखीम घेणारा पोरगा हुशार नाही.

आता पोलिसांकडे वळू

आपण घरात दुकान झाडून काढलं की मग रस्त्यावर बोलायचा अधिकार येतो. आणि बोलायलाच हवं, कारण पोलिसांकडची टूल्स आमच्या टूल्सपेक्षा कितीतरी जास्त ताकदीची आहेत.

इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची यंत्रं जगभरातले पोलिस वापरतात. केबल तीच, काम तेच. फरक एवढाच की ते डेटा पुसत नाहीत, सगळा काढून घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं सर्बियाबद्दल अहवाल काढला. तिथं एका पत्रकाराला पोलिस ठाण्यात बसवून ठेवलं असताना त्याचा फोन या यंत्रानं उघडला गेला आणि आत पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं गेलं. दोन महिन्यांनी कंपनीनं सर्बियातल्या काही ग्राहकांचा वापर थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे बाहेरून कुणीतरी तपासलं, म्हणून थांबलं.

आपल्याकडे काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रस्त्यावर माणसं थांबवून त्यांच्या फोनमधल्या चॅटमध्ये पोलिस गांजाचे शब्द शोधत होते. वॉरंट कुठं, गुन्हा कुठला, काही नाही. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं म्हटलं की फोन तपासायचा तर न्यायालयाचा आदेश हवा, मात्र पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एका विशेष न्यायालयानं उलट सांगितलं की आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये माध्यमकर्मींच्या एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सुनावलं की उपकरणं जप्त करण्याचे असे मोकाट अधिकार धोकादायक आहेत, त्यांना नियम हवेत.

त्या नियमांची मागणी आपण केली पाहिजे, मोठ्यानं आणि लेखी. फोन घेतला तर पंचनामा द्या, न्यायालयाचा आदेश दाखवा, जेवढ्याशी गुन्ह्याचा संबंध आहे तेवढंच बघा. पण ही मागणी घेऊन मी एखाद्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो आणि तो म्हणाला, "तुझ्या दुकानात रोज काय होतं रे?" तर माझी मान खाली जाऊ नये. या लेखाचं सगळं मूळ तिथं आहे.

तुम्ही म्हणाल

तुम्ही म्हणाल, घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणता? आधीच आपल्या पोरांवर सगळ्यांची नजर आहे. मान्य. पण ज्या मुलीचं कॉलेज सुटलं तीही आपल्या घरातलीच होती. तिची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही, म्हणजे तिनं गप्प बसायचं. बदनामीच्या भीतीनं आपण नेहमी कुणाला गप्प बसवतो, ते एकदा मोजून बघा.

तुम्ही म्हणाल, भावानं बहिणीचा किंवा नवऱ्यानं बायकोचा फोन बघितला तर त्यात काय? बघायचा असेल तर त्यानं तिला विचारावं. ती 'हो' म्हणाली तर पॅटर्न तीच काढून देईल, माझ्या दुकानाची गरजच नाही. माझ्याकडे यावं लागतं याचा अर्थच तिनं 'नाही' म्हटलं आहे, किंवा तिला विचारलेलंच नाही. दीनी बाजू मौलानांनी सांगावी, माझा तो अधिकार नाही. पण दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही आणि हातात दिलेली वस्तू अमानत असते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणीच शिकवलेलं आहे. आज माणसाचं घर त्याच्या खिशात आलंय, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही केलं तर पुढचा करेल. करेल. पुढचा भेसळीचं दूधही विकेल.

तुम्ही म्हणाल, खरी गरज असलेल्यांनी जायचं कुठं? हा एकच प्रश्न मला खराखुरा वाटतो. पिन विसरलेली आजी येते. शौहर गेल्यावर त्याचा सेट घेऊन बाई येते. कष्टाच्या पैशानं जुना फोन घेतलेला हमाल येतो आणि कळतं की विकणाऱ्यानं अकाउंट काढलेलंच नाही. यांना हाकलून देणं हाही जुलूमच आहे. यात कंपन्यांचाही दोष आहे. लॉक बनवताना त्यांनी चोराचा विचार केला, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या गरीब मालकाचा केला नाही. बिल दाखवलं तर अकाउंटचं लॉक काढून देण्याची सोय आहे, पण सेंटर शहरात, आणि बिल फाटून गेलेलं. मालकी सिद्ध करण्याचा सोपा रस्ता आणि जवळचं सेंटर कंपन्यांकडून मागणं, हे आपल्यासारख्या संघटनांचं काम आहे.

तोपर्यंत मी लॉकची कामं करतो, पण अटी घालून. पहिले चार-पाच महिने धंदा पडला. उस्तादही हसले. नंतर मात्र एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं. बायका एकट्या येऊन फोन दुरुस्तीला ठेवून जायला लागल्या, कारण इथं फोन उघडून कुणी बघत नाही हे त्यांना कळलं होतं.

माझ्या काउंटरवरच्या अटी

१. बिल किंवा खोका दाखवा. खोक्यावरचा आयएमईआय आणि सेटवरचा एकच हवा. सेट चालू असेल तर *#०६# दाबून पंधरा आकडे दिसतात.

२. मी तो नंबर संचार साथीवर तपासतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून, आयएमईआय टाकून १४४२२ ला मेसेज केला तरी चालतं. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर हात लावत नाही.

३. फोन ज्याचा आहे तो स्वतः समोर हवा. भाऊ, शौहर, अब्बा, कुणीही असोत, 'घरचाच आहे' हे चालत नाही. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र लागतं.

४. नाव, तारीख, आयएमईआय, सही, सगळं वहीत लिहितो. ओळखपत्र बघून परत देतो, त्याची कॉपी पीसीत ठेवत नाही.

५. डेटा जाणार असेल तर आधीच तोंडावर सांगतो. आयएमईआय कुठल्याही पैशात बदलत नाही. क्रॅक टूल पीसीत नाही. परवान्याचं एक टूल आम्ही तीन दुकानदारांनी मिळून घेतलं आहे.

जे दुकानदार नाहीत, त्यांनी आज रात्री दोन कामं करावीत. अम्मी-अब्बांच्या गुगल अकाउंटचा रिकव्हरी नंबर चालू आहे का बघा आणि त्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावून ठेवा. आयफोन असेल तर 'लेगसी काँटॅक्ट' नेमा. माणूस गेल्यावर त्याचे फोटो घरच्यांना मिळावेत म्हणून ही सोय फुकट दिलेली आहे. फोन विकताना अकाउंट काढून मगच रीसेट मारा, म्हणजे पुढच्या गरिबाला माझ्या दारात यावं लागणार नाही.

आणि बहिणींनो, तुमचा फोन तुमचा आहे. पॅटर्न सोडून सहा आकडी पिन ठेवा, जुना सेट असेल तर अपडेट करून घ्या, आणि कुठल्या दुकानदारानं तुम्हाला न विचारता फोन उघडला असेल तर त्या दुकानात जाऊन विचारा. एकीनं मला विचारलं होतं. तिला उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली.